मंदीचे दिवस आणि लहान समाजाचा दानधर्म

(खजराना, इंदूर येथे देवदर्शनास आलेल्या महाजन कुटुंबियांच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



उज्जैन-ओंकारेश्वराच्या यात्रेच्या वाटेवर आपण खजराण्याच्या श्रीगणेशाच्या दर्शनास थांबलात आणि इंदुरात स्थायिक झालेल्या माझ्यासारख्या एका कुळाव्यास चार शब्द बोलण्याची आज्ञा केलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी विद्वान नव्हे, वक्ता तर नव्हेच. सारे आयुष्य दुसऱ्यांच्या वह्या लिहिण्यात व बेरजा पडताळण्यात गेले. तेव्हा ज्या विषयाची मला थोडीफार ओळख आहे, त्या जमाखर्चाविषयीच बोलावे असे ठरविले आहे. विषय असा : काळ वाईट आला, म्हणजे लहान समाजाच्या धर्मादाय संस्थांचे काय होते? आणि त्या संस्थांनी काय केले असता त्या तगतात?

ज्या मूर्तीचे दर्शन आपण आताच घेतले, ती आक्रमणाच्या भयाने विहिरीत लपविली होती व पुढे ती वर काढून अहिल्याबाई होळकरांनी मंदिर बांधिले, असे परंपरा सांगते. आपणा गोमंतकीयांस ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याही पूर्वजांनी सोळाव्या शतकात देव रातोरात नदीपार नेले आणि अंत्रुजेच्या डोंगरकुशीत त्यांची पुन्हा स्थापना केली. देव वाचविणे हे पहिले काम. त्यानंतर देवाच्या नावाने माणसे वाचविणे हे दुसरे. पहिल्या कामाच्या कथा आपण आवडीने सांगतो. दुसऱ्या कामाच्या मात्र केवळ वह्या असतात, आणि त्या कोणी उघडून पाहत नाही.

अशीच एक वही काही वर्षे माझ्याकडे होती. या शहरात मराठी आणि कोंकणी बोलणाऱ्या सत्तावीस कुटुंबांनी मिळून एक लहानसा साहाय्य निधी चालविला होता. त्यास ना कचेरी होती, ना पाटी. दरमहा प्रत्येक घरातून ठरलेली वर्गणी यावयाची, आणि त्यातून कोणा मुलाची शाळेची फी, कोणा म्हातारीचे औषध, कोणाच्या अंत्यविधीचा खर्च भागावयाचा. वहीचे डावे पान जमेचे, उजवे खर्चाचे. चांगल्या वर्षी डाव्या पानावर सत्तावीस नावे असत आणि उजव्या पानावर चार-पाच.

मग १९९१ चा डिसेंबर उजाडला आणि त्या महिन्याच्या १२ तारखेस हुकुमचंद मिल बंद पडली. तिच्या पटावर ५,८९५ कामगार होते. मालवा, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, भंडारी अशी एकेक नावे ज्या शहराच्या पोटापाण्याशी निगडित होती, त्या शहराच्या गिरण्या पुढे-मागे एकामागून एक थंडावल्या. गिरणीबरोबर गिरणीच्या नाक्यावरचा वाणी बसतो, शिंपी बसतो, खोल्या भाड्याने देणारा बसतो, शिकवणी घेणारा मास्तरही बसतो. सहा महिन्यांत माझ्या वहीची दोन्ही पाने बदलली. डाव्या पानावरची नऊ नावे गळाली. उजव्या पानावर अकरा नावे आली. आणि बंधूंनो, त्या अकरांतील सहा नावे डाव्या पानावरून गळालेलीच होती.

मला आज जे सांगावयाचे आहे, त्याचे मूळ या सहा नावांत आहे. मोठ्या समाजात देणारा वेगळा व घेणारा वेगळा असतो. एका गावी पाऊस पडला नाही तरी दुसऱ्या गावचे धान्य येते. लहान समाजात मात्र देणारा आणि घेणारा एकाच होडीत बसलेले असतात. त्यांचे धंदे सारखे, वस्ती एक, ओळखीही त्याच. एकाच लाटेने दोघेही भिजतात. म्हणून मंदी आली म्हणजे अशा संस्थेवर दोन्ही बाजूंनी घाव बसतो : मागणी वाढते त्याच महिन्यात आवक आटते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

त्या सहांपैकी एका गृहस्थांची गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. ते एका गिरणीत माझ्यासारखेच कारकून होते. निधीस पहिली वर्गणी त्यांची असे. वर्षअखेरीच्या सभेत जमाखर्च वाचून दाखविण्याचा आमचा परिपाठ होता, देणगीदारांची नावे व साहाय्य घेणारांचीही. त्या वर्षी मी नेहमीप्रमाणे वही उघडली आणि नेहमीप्रमाणे सर्व नावे वाचली. त्यांचेही वाचले. ते सभेत बसलेले होते. त्यांच्या मुलीच्या परीक्षेची फी निधीतून दिली होती, एवढीच ती नोंद. ते काही बोलले नाहीत. सभा संपल्यावर त्यांनी सतरंजी घडी करावयास हातही लावला. परंतु त्यानंतर ते ना सभेस आले, ना गणपतीच्या आरतीस. मी दोनदा घरी गेलो, चहा मिळाला, पण माणूस मिळाला नाही. हिशेब चोख होता आणि तरीही मी चुकलो होतो. ती चूक आज इतक्या वर्षांनीही कोणत्याच रकान्यात बसत नाही.

आता या शहराच्या मोठ्या वहीकडे वळू. इंदुरात मराठी माणूस संख्येने थोडा, परंतु एके काळी त्याच्या पाठीशी होळकरांची गादी होती. राज्याचा आश्रय असला म्हणजे मंदीची झळ सौम्य होते. पाहा, १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली येथे मराठी साहित्य संमेलन भरले. पुन्हा १९३५ साली भवानराव पंतप्रतिनिधींच्या अध्यक्षतेखाली ते येथेच भरले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने जग हैराण असतानाही संस्थानच्या राजधानीत हे होऊ शकले. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि छत्र गेले. २००१ साली विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली तिसऱ्यांदा संमेलन झाले, तेव्हा मागे राजा नव्हता. भाषिक अल्पसंख्य म्हणून घटनेच्या २९ व ३० या कलमांनी भाषा जतन करण्याचा व आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क आपणास दिला आहे. परंतु हक्काने दार उघडते, दिवा लावण्याचे तेल घरूनच आणावे लागते.

होळकरांच्याच घराण्यात धर्मादायाचा एक फार मोठा धडा आहे, तो आपण महाजनांनी मनावर घेण्याजोगा आहे. राज्याची दौलत वेगळी आणि राणीची खासगी वेगळी, अशी तेथे वहिवाट होती. १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस वेगळी जहागीर मिळाली, पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. देशभरातील मंदिरे, घाट, धर्मशाळा यांमागे ही खासगी होती. विचार करा, हे किती शहाणपणाचे होते! युद्धे चालू, खजिन्यावर ताण, तरीही अन्नछत्राचे पैसे वेगळ्या ओंजळीत. राज्यावर वाईट वर्ष आले तरी धर्मादायाच्या ताटास हात लावावयाचा नाही, कारण ते ताटच निराळे.

परंतु याच कथेचे दुसरे पान तितकेच शिकविणारे आहे. विलीनीकरणाच्या वेळी खासगीची मिळकत सरकारकडे गेली आणि तिच्या बदल्यात धर्मादायासाठी सरकारने दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूस काढावेत असे ठरले. १९६२ साली विश्वस्त संस्था स्थापन झाली. रक्कम कायमची, म्हणजे वाढही कायमचीच नाही! त्या काळी ती थोर रक्कम होती. आज ती एखाद्या सामान्य कारकुनाच्या वर्षाच्या पगाराएवढी आहे. या संस्थेकडील मालमत्तांची संख्या २४६ सांगितली जाते. भागाकार करून पाहावा : दर स्थानाच्या वाट्यास वर्षाला सुमारे १,१८७ रुपये, म्हणजे महिन्याला शंभरही नाहीत. एवढ्यात घाटाची एक पायरी दुरुस्त होणार नाही. पुढे या मालमत्तांच्या विक्रीवरून न्यायालयात वाद गेला आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी व्हावी व विक्रीव्यवहारांची चौकशी व्हावी असा निर्णय दिला. त्या वादात मी शिरत नाही. माझ्यासारख्या कारकुनास एवढेच दिसते की मंदी धर्मादायास एका फटक्याने मारते, आणि महागाई त्यास वाळवीसारखी खाते. ठरीव आकड्यावर बांधलेला धर्म पोखरला जातो, बाहेरून मात्र उभा दिसतो.

आता गिरणगावातील एक निराळे उदाहरण. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे दिव्यांनी उजळलेले चित्ररथ, निघतात. मालकांच्या काळी गिरणीच खर्च करी. गिरण्या बंद झाल्या, पगार थकले, देणी न्यायालयात अडकली. हुकुमचंदच्या कामगारांस आपल्या हक्काच्या पैशासाठी २०२३ च्या डिसेंबरापर्यंत, म्हणजे ३२ वर्षे, थांबावे लागले. तेव्हा सुमारे २२४ कोटी रुपये मोकळे झाले, आणि तोवर कित्येकांनी डोळे मिटले होते. परंतु या काळात झाँक्या थांबल्या नाहीत. बेकार झालेल्या कामगारांनी समित्या केल्या, बाजारातून वर्गणी जमविली, महानगरपालिका व विकास प्राधिकरण यांचे साहाय्य घेतले. या खजराना मंदिराचीही झाँकी त्या मिरवणुकीत असते.

कोणी म्हणेल, घरात चूल पेटत नाही आणि रथ कशास सजवावा? मीही एके काळी असेच म्हणत असे. परंतु पुढे ध्यानात आले, की ज्या समितीत वर्गणी जमते, त्याच समितीत कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा शाळा सोडतो आहे, कोर्टाची तारीख कधी आहे, हे कळते. उत्सव मोडला असता तर माणसे पांगली असती, आणि पांगलेल्यांची देणी कोणी मागितली असती? म्हणून मंदीच्या वर्षी उत्सवाचा थाट कमी करावा, उत्सव मात्र मोडू नये.

आपल्या गोमंतकाची वही याहून निराळी नाही. गोव्याच्या हिंदू घरांतील कित्येक पुत्र मुंबईस नोकरीधंद्यास गेले आणि त्यांच्या पैशावर घरे व देवळे चालली. १९५४-५५ च्या आर्थिक नाकेबंदीत तो ओघ अडला. १९६१ च्या डिसेंबरात मुक्तीपूर्वी बँको नॅशनल अल्ट्रामारिनोने लोकांचे तारण ठेवलेले सोने लिस्बनला नेले. ते दागिने परत मिळावयास १९९१ साल उजाडले. तीस वर्षे! ज्यांनी मंगळसूत्र गहाण ठेवले होते, त्यांच्या नातींनी ते सोडविले. १९६४ चा कूळ कायदा व १९७६ ची त्यातील दुरुस्ती यांनी कसणाऱ्यास जमीन मिळाली. ज्याच्या घामाने शेत पिकले त्यास ते मिळाले, ही न्यायाचीच गोष्ट झाली. परंतु भाताच्या खंडावर ज्या देवस्थानांची नित्यसेवा बेतलेली होती, त्यांस दुसरी वाट शोधणे भाग पडले. अलीकडे २०१२ साली व पुन्हा २०१८ साली खाणी बंद झाल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत ट्रक अंगणात उभे राहिले, बँकेचे हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. ज्या घरांतून पूर्वी जत्रेची देणगी येई, त्या घरांची अवस्था आपणांपैकी पुष्कळांनी जवळून पाहिली आहे.

अशा काळातून ज्या संस्था तगल्या, त्या कशाने तगल्या? १९०८ साली पणजीस मुष्टिफंड संस्था निघाली. तिच्या नावातच तिचे तत्त्व आहे : घराघरातून मूठभर तांदूळ. श्रीमंताची थैली वाईट वर्षी बंद होते. गृहिणीने शिजविण्यापूर्वी बाजूस काढलेली मूठ लहान होईल, पण ती बंद होत नाही. १९१९ साली मुंबईत गोवा हिंदु असोसिएशन स्थापन झाली. तिने नाटके रंगभूमीवर आणली, १९७० साली ‘नटसम्राट’ही आणले, आणि त्या कमाईतून समाजकार्य केले. फोंड्याजवळ बांदिवड्यास वृद्धांसाठी स्नेहमंदिर उभे राहिले. म्हणजे केवळ देणगीवर न विसंबता स्वतःचे उत्पन्न निर्माण केले, आणि तेही तिकीट काढणाऱ्या साऱ्या महाराष्ट्राकडून, केवळ गोवेकरांकडून नव्हे. येथे होडी एक राहिली नाही, दोन झाल्या.

गोवामुक्तीच्या लढ्यातील प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली मुंबईच्या गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. खानावळ चालविणाऱ्या बायका गिरणी कामगारांस उधारीवर जेवू घालीत. संप झाला की ताटे तेवढीच, पैसा मात्र नाही, आणि मग सावकार दारात. या बायकांनी एकमेकींस जामीन राहून बँकेचे कर्ज मिळविले. पुढे १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा खानावळवाल्यांवर केवढा प्रसंग आला असेल, याची कल्पना करावी. अशा वेळी एकटीने सावकार गाठणे वेगळे आणि मंडळ पाठीशी असणे वेगळे.

परदेशीही हीच कथा आहे. लंडनमध्ये साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही १९७९ पासून आशियाई व आफ्रो-कॅरिबियन स्त्रियांसाठी काम करणारी संस्था आहे. तेथील नगरसभेने, सर्वांसाठी एकच सेवा असावी असे म्हणून, तिचे अनुदान काढून घेण्याचे ठरविले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००८ साली संस्थेच्या बाजूने लागले. पैसा आखडला की ‘तुम्हांस वेगळे कशास हवे?’ हा प्रश्न लहान समाजास प्रथम विचारला जातो. त्याचे उत्तर भावनेने देऊन भागत नाही. आम्ही कोणास, किती व कोणती मदत केली, जी दुसरीकडे मिळत नव्हती, हे वहीत दाखविता आले पाहिजे. तेव्हा वही नीट लिहिणे हाही धर्मच होय.

आणि शेवटचे दुष्ट वर्ष आपणां सर्वांच्या स्मरणात आहे. २०२० च्या मार्चात देशातील देवळांची दारे बंद झाली. दानपेटीत नाणे पडेना, आणि त्याच आठवड्यांत अन्नासाठी रांगा लागल्या. ज्यांच्यापाशी शिल्लक होती, त्यांनी पहिल्या दिवसापासून अन्न दिले. ज्यांच्यापाशी नव्हती, त्यांनी प्रथम बैठका घेतल्या. या खजराण्यात गणपतीचे मंदिर आहे, तसा नाहर शाह वलींचा दर्गाही आहे. भुकेला दोन्ही दारे सारखीच दिसतात.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो, आणि वडीलकीच्या अधिकाराने नव्हे, तर एका सामान्य महाजनाच्या नात्याने येतो. आपल्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे असा ठराव आहे, की शिक्षण व संकटसाहाय्य निधीची मुदतठेव मोडून ती रक्कम सभामंडपातील चांदीच्या कामास लावावी. ठराव मांडणारांची श्रद्धा मी जाणतो. चांदी देवाचीच आहे, त्यात कोणाचा स्वार्थ नाही. गेली दोन-तीन वर्षे त्या निधीकडे अर्ज थोडे आले, ठेव नुसती पडून आहे, हा त्यांचा युक्तिवादही खोटा नाही. परंतु अर्ज थोडे येतात तेच वर्ष साठविण्याचे असते. पावसाळ्यात विहीर भरलेली दिसली म्हणून ती कोणी बुजवीत नाही.

मी चार सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, हा निधी देवस्थानच्या इतर हिशेबापासून खासगीसारखा वेगळा ठेवावा, आणि त्याचे मूळ धन केवळ साहाय्यासाठीच, तेही दोन-तृतीयांश महाजनांच्या संमतीनेच, काढता यावे. दुसरी, व्याजाचा काही भाग दरसाल मुद्दलात मिळवावा, म्हणजे तो आकडा २,९१,९५२ सारखा गोठून राहणार नाही. तिसरी, मोठ्या देणग्या अवश्य घ्याव्यात, परंतु प्रत्येक कुळाव्याकडून, मग तो गोव्यात असो, मुंबईत, इंदुरात किंवा परदेशात, मुष्टिफंडासारखी लहान, नियमित वर्गणी घ्यावी. सर्वांचे धंदे एकाच वर्षी बसत नाहीत, हाच आपला विमा.

चौथी सूचना पैशाची नाही. साहाय्य घेणाराचे नाव सभेत कधीही वाचू नये, स्मरणिकेत कधीही छापू नये. अनुक्रमांक घालावा, रक्कम सांगावी, हिशेबतपासनिसास पावती दाखवावी, तेथे थांबावे. देणारांची नावे संगमरवरावर कोरा, त्यास माझी हरकत नाही. घेणाराचे नाव मात्र दोन माणसांपलीकडे जाऊ नये. आज जो उजव्या पानावर आहे, तो काल डाव्या पानावर होता, आणि उद्या आपणांपैकी कोणाचे पान बदलेल हे कोणास ठाऊक?

चांदीचे काम दोन वर्षे थांबले तर देव रुसणार नाही. तो विहिरीत राहिला, होडीतून नदीपार गेला, गवताच्या छपराखाली बसला, आणि तरीही आपला राहिला. परंतु परीक्षेच्या फीवाचून थांबलेली मुलगी दोन वर्षांनी पुन्हा शाळेत जाईलच असे नाही. आणि अपमान होऊन सभेतून उठून गेलेला माणूस तर परत येतच नाही, हे मी आपणास वहीवरून नव्हे, अनुभवावरून सांगतो.

  ठरावाचा निर्णय आपण सर्व मिळून कराल तो मला शिरोधार्य आहे. सभेस मी येईनच, आणि माझे मत कोणत्या बाजूस पडेल हे आता आपणांस ठाऊक आहे. पुढील यात्रा सुखरूप होवो, आणि कुलदेवतेच्या कृपेने आपल्या वहीच्या डाव्या पानावर सदैव अधिक नावे राहोत, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.